त्यांचे ‘पुरे’ आणि तुमचे ‘अजून’

एकसष्ट वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा : मुले मार्गी लागल्यावर आणि दोघेही नोकरीतून निवृत्त झाल्यावर या पती-पत्नींनी परदेश पाहायला सुरुवात केली. पोर्तुगाल झाले, जपान झाले, तुर्कस्तान झाले आणि शेवटी पेरू झाले. पेरूत कुस्कोला विमानातून उतरले त्याच रात्रीपासून पतीचे डोके ठणकू लागले, अन्न जाईना, जिना चढताना धाप लागू लागली आणि दोन दिवस खोलीतच गेले. घरी परतल्यावर त्यांनी सांगून टाकले, “पाहायचे ते पाहून झाले, आता पुरे.” बाईंचे मात्र तसे झालेले नाही. प्रत्येक प्रवासानंतर आठ-दहा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा नकाशा उघडला जातो. सध्या कॉकेशसमधल्या जॉर्जिया या देशाचे डोंगर त्यांना खुणावत आहेत. पतीचा नकार ऐकून त्या गप्प बसतात, पण आत चिडचिड साचत राहते. त्या विचारतात : ही माझी हाव आहे का आणि ती मी आवरायला हवी का? त्यांना घरी ठेवून एकटी गेले तर तो स्वार्थ ठरेल का? आणि गेलेच नाही, तर ही रुखरुख घेऊन पुढची वर्षे कशी काढू?

पत्रात ओघाने आणखी एक प्रसंग आला आहे. जपानमध्ये क्योतोत असताना पती कामो नदीच्या काठी बाकावर बसले आणि म्हणाले, “तू देऊळ पाहून ये, मी इथेच आहे.” दोन तासांनी बाई परतल्या, तेव्हा ते तिथेच बसून पाण्यातले बगळे न्याहाळत होते. ‘त्यांना तेव्हापासूनच रस उरला नव्हता,’ असा बाईंचा निष्कर्ष आहे.

प्रिय ताई,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : ही हाव नाही. हाव असती तर पत्रात किती देश झाले आणि किती उरले याचा हिशेब आला असता. तुम्ही लिहिले आहे ते लिस्बनच्या अल्फामा भागातल्या एका चढणीच्या गल्लीविषयी. तिथे एक वृद्ध स्त्री दोरीवर कपडे वाळत घालताना समोरच्या खिडकीतल्या शेजारणीशी बोलत होती, आणि त्यातले एक अक्षर कळत नसतानाही तुम्ही भिंतीला टेकून ते ऐकत उभ्या राहिलात. दुसऱ्या माणसांचे जगणे जवळून पाहण्याची ही ओढ आहे, आणि उतारवयात ती जागी असणे हे मी भाग्याचे लक्षण मानते. व्हिएन्नाच्या इडा फायफर यांनी दोन मुलगे मोठे होईपर्यंत ही ओढ मनात जपून ठेवली आणि १८४२ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, एकटीने पहिला मोठा प्रवास केला. त्यानंतर दोन वेळा त्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. घरची जबाबदारी संपल्यावर अशी इच्छा उफाळून येणे हे तुमच्या एकटीच्या बाबतीत घडलेले नाही.

परतल्यावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा बेचैनी येते, म्हणून तुम्ही स्वतःला असमाधानी ठरवले आहे. एका प्रवासाचे समाधान दीर्घकाळ टिकायला हवे, हे यामागचे गृहीतक मला तपासून पाहावेसे वाटते. नेदरलँड्समधील १,५३० प्रौढ व्यक्तींच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, सहलीला जाणारी माणसे इतरांपेक्षा अधिक आनंदी असतात ती मुख्यतः जाण्यापूर्वी. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरत नाही, आणि जो थोडा काळ उरतो तो ज्यांचा प्रवास अतिशय निवांत झाला त्यांच्याच बाबतीत. तेव्हा दहाव्या दिवशी तुम्ही नकाशा उघडता, यात वावगे काही नाही. प्रवासातल्या आनंदाचा मोठा वाटा तयारीतच असतो आणि तुम्ही तो न कळत मिळवत आहात.

तरीही एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, कारण त्याचे उत्तर फक्त तुमच्यापाशी आहे. नकाशा उघडता तेव्हा मनात एखादे ठिकाण असते, की केवळ ‘इथून बाहेर’ एवढेच असते? जॉर्जियातल्या स्वानेती प्रदेशातले मध्ययुगीन दगडी मनोरे पाहायचे आहेत, हे एक झाले. रिकामे घर आणि लांबलेली दुपार नको वाटते, हे दुसरे झाले. पहिल्यासाठी प्रवास करावा. दुसऱ्याचा बंदोबस्त मात्र घरीच करावा लागतो, एखाद्या कामात, अभ्यासात किंवा माणसांत, कारण ज्या दिवशी बॅग रिकामी करून कपाटावर ठेवाल त्याच दिवशी ती दुपार परत येईल. बहुधा तुमच्यात दोन्ही थोडेथोडे असेल. तसे असेल तर पुढच्या प्रवासावर दोन्हींचा भार टाकू नका.

आता तुमच्या यजमानांच्या ‘पुरे’कडे वळते. इथे मला अधिक वेळ थांबायचे आहे, कारण संपूर्ण पत्रात तुम्ही ते ‘पुरे’ जसेच्या तसे स्वीकारून बसला आहात आणि ते नेमके कशाविषयी आहे हे त्यांना एकदाही विचारलेले दिसत नाही.

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि पेरूची राजधानी लिमा समुद्रकिनाऱ्यावर. विमान हे अंतर दीड तासाच्या आत कापते. एवढ्या झटक्यात एवढ्या उंचीवर गेलेल्या माणसाच्या शरीराला विरळ हवेशी जुळवून घ्यायला पुरेसा अवधी मिळत नाही, आणि डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे, धाप लागणे हे सगळे सुरू होते. साधारण २,५०० मीटरच्या वर कोणालाही हा त्रास होऊ शकतो. तो तरुणांना होतो, खेळाडूंनाही होतो, आणि एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एकालाच होतो, जसा तुमच्याकडे झाला. वय झाल्याचा किंवा हौस संपल्याचा तो पुरावा नव्हे. गंमत नाही, पण नोंदवण्यासारखी गोष्ट अशी की, ज्यासाठी बहुतेक लोक तिथे जातात ते इंकांचे जुने नगर माचू पिचू कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली, सुमारे २,४३० मीटरवर आहे. म्हणून अनेक जाणते प्रवासी कुस्कोच्या विमानतळावरून तडक खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरतात, ओयांताइतांबोसारख्या सुमारे २,८०० मीटरवरच्या गावी पहिल्या रात्री काढतात, माचू पिचू पाहतात आणि कुस्को शेवटी ठेवतात. तुमच्या कार्यक्रमात हा क्रम उलटा होता. म्हणजे तुमच्या यजमानांना पेरूने दमवले नाही, दिवसांच्या मांडणीने दमवले.

एका आजारी प्रवासातून आलेला निर्णय कायमचा मानण्याची घाई दोघांनीही करू नये, असे मला वाटते. त्या दोन दिवसांत खोलीत पडून असताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करून पाहा. अनोळखी देश, अपरिचित भाषा, छातीत धडधड, आणि आपल्यामुळे हिची सहल बुडते आहे ही बोच. परतल्यावर माणूस ‘मी घाबरलो होतो’ असे सहसा म्हणत नाही. ‘पाहायचे ते पाहून झाले’ असे म्हणणे सोपे जाते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत असेच घडले असेल, असा माझा दावा नाही. परंतु विचारल्याशिवाय ते तुम्हालाही कळणार नाही.

आणि क्योतोचा तो बाक. तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे! क्योतो आणि परिसरातील १७ स्थळे मिळून १९९४ साली जागतिक वारसा यादीत नोंदली गेली. तुम्ही चार दिवसांत त्यांपैकी जमतील तेवढी पाहायचे ठरवले होते. ज्या गृहस्थाला रस नसतो तो हॉटेलात जाऊन झोपतो किंवा फोनमध्ये डोके घालतो. दोन तास एका जागी बसून पाण्यात स्थिर उभा राहिलेला बगळा चोच कधी मारतो याची वाट पाहणारा माणूस प्रवासच करत असतो, केवळ तुमच्या गतीने करत नसतो. लिस्बनच्या गल्लीत भिंतीला टेकून तुम्ही जे केले तेच त्यांनी नदीकाठी केले. तुम्हा दोघांमधला फरक आवडीचा कमी आणि वेगाचा जास्त आहे, असे मला तुमच्याच पत्रावरून दिसते.

म्हणून त्यांच्याशी बोलताना ‘जॉर्जियाला येणार का?’ हा प्रश्न तूर्त विचारू नका. त्याचे उत्तर हो किंवा नाही एवढेच येते, आणि नाही आले की दोघेही आपापल्या कोपऱ्यात जातात. त्याऐवजी विचारा की, आजवरच्या प्रवासांतले कोणते दिवस पुन्हा जगायला आवडतील आणि कोणते अजिबात नकोत. पहाटेची विमाने नकोत का? रोज बॅग भरणे नको का? आरक्षणे, कागदपत्रे, अनोळखी स्थानकात फलाट शोधणे हे ओझे सतत त्यांच्यावर पडत होते का? बहुतेक जोडप्यांत हे काम एकाच्याच वाट्याला येते आणि दुसऱ्याला ते काम वाटतही नाही. पैशांची काळजी आहे का, प्रकृतीविषयी डॉक्टरांनी सांगितलेले काही त्यांनी तुमच्यापासून लपवले आहे का, हेही हळुवारपणे विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. मध्येच उपाय सुचवू नका, कारण उपाय सुचवला की समोरच्याला आपली समजूत काढली जात आहे असे वाटते.

त्यातून जर अडचण वेगाची निघाली, तर पुढचा प्रवास एकाच मुक्कामाचा करून पाहा. एक शहर, एक घर भाड्याने, तीन-चार आठवडे, आणि ठरवलेला कार्यक्रम जवळजवळ नाही. पोर्तुगाल तुम्हा दोघांना आवडले होते, तर तिथेच पुन्हा जाण्यात कमीपणा कसला? नवा देश म्हणजेच नवे अनुभव, ही समजूत पहिल्या काही प्रवासांनंतर सोडून द्यायला हरकत नाही. बाजारातल्या ज्या बाईकडून तिसऱ्या आठवड्यात भाजी घेता, ती पहिल्या आठवड्यातल्या बाईपेक्षा वेगळी असते, कारण एव्हाना ती तुम्हाला ओळखू लागलेली असते. मुक्काम लांबवताना नियम मात्र आधी पाहावेत. पोर्तुगालसह युरोपातल्या अनेक देशांचे मिळून जे शेंगेन क्षेत्र आहे, त्यातील देशांत अल्पमुदतीच्या वास्तव्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस अशी आहे आणि ती सर्व सदस्य देशांना मिळून मोजली जाते, प्रत्येक देशासाठी वेगळी नाही. ज्यांना व्हिसा लागतो त्यांना त्यावर लिहिलेली मुदत आणि दिवसांची संख्या हीच खरी मर्यादा असते. पासपोर्ट सहा महिने वैध असावा अशी अट अनेक देश घालतात, म्हणून तिकिटे काढण्याआधी त्याची तारीख पाहून घ्यावी.

दुसरा मार्ग मला तुमच्यासाठी विशेष योग्य वाटतो : प्रवास एकत्र, पण त्यातले काही दिवस वेगळे. जॉर्जियाचेच उदाहरण घ्या. स्वानेतीत मेस्तिया गावाहून उशगुली गावापर्यंतची पायवाट साधारण चार दिवसांची आहे आणि वाटेतल्या गावांत रात्री घरगुती मुक्काम करता येतो. ती वाट तुम्ही एखाद्या गटाबरोबर किंवा वाटाड्याबरोबर चाला. यजमानांनी ते दिवस राजधानी त्बिलिसीत काढावेत. तिथे जुन्या शहरात गंधकाच्या गरम झऱ्यांवरची स्नानगृहे आहेत, मधून नदी वाहते आणि बसून राहायला जागा पुष्कळ आहेत. पाचव्या दिवशी भेटाल तेव्हा एकमेकांना सांगण्यासारखे दोघांकडेही काही असेल. चोवीस तास एकत्र काढलेल्या सहलीत हे सुख क्वचित मिळते. उशगुली सुमारे २,१०० मीटरवर आहे. त्यामुळे पुढे त्यांनी तिथवर गाडीने यायचे ठरवले, तरी कुस्कोची पुनरावृत्ती होण्याची भीती फारशी नाही.

आणि ते खरोखरच नको म्हणाले तर? तीही शक्यता खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. काही माणसांचे मन प्रवासाने खरोखर भरते. त्यांना आपली खोली, आपली माणसे, आपला दिनक्रम यांतच रमायचे असते. ते हरलेले नसतात आणि त्यांना ‘पुन्हा माणसांत आणण्याची’ गरज नसते. असे असेल तर एकटीने जाण्याचा विचार तुम्ही मोकळेपणाने करा. याला स्वार्थ म्हणायचे का, हे तुम्ही गेलात की राहिलात यावरून ठरत नाही. तुम्ही नसताना त्यांचे काय होते, यावरून ते ठरते. ते स्वतःचे सगळे करू शकत असतील, अडीनडीला जवळ कोणी असेल आणि जाण्याचा निर्णय त्यांच्याशी बोलून झाला असेल, तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहजीवनाला धक्का लागत नाही. त्यांना तुमच्या सोबतीची किंवा शुश्रूषेची रोज गरज असेल तर मात्र गणित बदलते. मग आधी सोय आणि नंतर तारीख, हा क्रम तुम्हाला पाळावा लागेल. पहिला एकटीचा प्रवास मुद्दाम लहान ठेवा, दळणवळण चांगले असलेल्या ठिकाणी ठेवा, मुक्कामांचे पत्ते आणि पासपोर्टची प्रत घरी देऊन जा आणि रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा. परतल्यावर गोष्टी सांगा, पण ‘तुम्ही यायला हवे होते’ हे वाक्य टाळा. दहा वेळा ऐकल्यावर त्यात टोमणा ऐकू येऊ लागतो.

साठीनंतर दूरचे प्रवास करणाऱ्या सगळ्यांसाठीच काही गोष्टी लिहून ठेवते. चार तासांहून लांबच्या विमानप्रवासात पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. मधूनमधून उठून चालावे, पोटऱ्या हलवत राहाव्यात आणि पूर्वी असा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. पूर्वेकडे जाताना झोपेचे घड्याळ पश्चिमेकडे जाण्यापेक्षा सावकाश जुळते, म्हणून पहिले दोन दिवस कोरे सोडावेत. ३,००० मीटरच्या वर जायचे असेल तर रोज मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. उंचीवर लक्षणे वाढतच गेली तर खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय आहे. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही भागांसाठी पीतज्वराची (यलो फीवरची) लस लागते. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण तरुणांपेक्षा अधिक असते, म्हणून तो निर्णय प्रवासाच्या आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा. रोजची औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि त्या देशात ती चालतात का हे पाहावे. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांत असणाऱ्या स्यूडोएफेड्रिनवरही बंधने आहेत. विम्याच्या अर्जात जुने आजार लपवणे सगळ्यांत महागात पडते, कारण नेमका त्याच आजाराचा खर्च नाकारला जातो.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला : गेलेच नाही तर? मला रुखरुखीपेक्षा तुम्ही पत्रात उल्लेख केलेल्या त्या गप्प बसण्याची काळजी अधिक वाटते. बोलून, समजून घेऊन सोडलेली इच्छा काही काळ दुखते आणि मग निवळते. न बोलता गिळलेली इच्छा मात्र दुसऱ्याच्या नावावर जमा होत राहते. तुमच्यामुळे माझे राहिले, हे वाक्य आज तुमच्या तोंडून निघत नाही, पण पत्राच्या ओळींमधून ते मला ऐकू आले. यजमानांना कदाचित ते याआधीच ऐकू येत असेल.

स्वानेतीतल्या वाटा चालण्याचा हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत असतो. त्याआधी खिंडींत बर्फ असते. तेव्हा घाई करण्याचे काहीच कारण नाही. या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी नकाशा न उघडता यजमानांबरोबर बसा आणि कामो नदीच्या काठी त्या दोन तासांत त्यांनी काय काय पाहिले, एवढेच विचारा. कुस्कोचा विषय त्यांनी स्वतःहून काढला तर ऐका, नाही काढला तर पुढच्या वेळेवर सोडा. दोघांची वैद्यकीय तपासणी त्यानंतरच्या महिन्याभरात करून घ्या आणि उंचीचा झालेला त्रास डॉक्टरांना तपशिलाने सांगा. तिकिटांचा विषय या दोन्ही गोष्टी झाल्यावर काढा.